देवाच्या पेटीतली पाचशेची नोट

वाचकाचं पत्र, नाव-गाव काढून आणि थोडं कमी करून:

"ताई, मी फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानचा खजिनदार. वय ५८. महाजनपण, म्हणजे देवस्थानचा वारसाहक्काचा सभासद असणं, आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. २०२१ च्या मे महिन्यात कोविडमध्ये माझा धाकटा भाऊ गेला, ४९ वर्षांचा होता. तो आजारी पडला तेव्हा मी देवीकडे कौल लावला होता, उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. चौथ्या दिवशी तो गेला. त्यानंतर माझा विश्वास हळूहळू गेलाच. आता गाभाऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा आत काहीच हलत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

भावाचा मुलगा २६ वर्षांचा, बी.कॉम. झालाय, एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. तो उघड म्हणतो की मी देव मानत नाही, आणि त्यावरून घरात बोलणी बसतात म्हणून दोन वर्षं चवथीला मूळ घरी येत नाही. मी समितीत सुचवलं की देवस्थानचे हिशोब कम्प्युटरवर चढवायला त्याला घेऊया, पैसे नको म्हणतोय. तर एक ज्येष्ठ महाजन सगळ्यांसमोर म्हणाले, ज्याला देवाची भीती नाही त्याच्या हातात देवाचा पैसा द्यायचा कसा? सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसलो.

त्याच आठवड्यात फंडपेटी मोजताना ५०० ची एक नोट टेबलाखाली पडली. बाकीचे चहाला बाहेर गेले होते. त्या खोलीत कॅमेरा नाही. मी नोट उचलली आणि हातात धरून दोन मिनिटं उभा राहिलो, मग ढिगात ठेवली. तेव्हापासून झोप नाही. मला कुणाची भीतीच उरलेली नाही तर मी ती ठेवली का? आणि माझ्यासारख्याने खजिनदार राहावं का, की राजीनामा द्यावा? देव नाही तर माणूस सरळ राहतो का हो ताई?"

खजिनदारबाब,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वेळी भावाच्या ओळीवरच अडकले, पुढचं नीट वाचलंच गेलं नाही. म्हणून आधी तेच. उजवी पाकळी पडल्यावर घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार, आणि मग चार दिवसांनी ते झालं. यात विश्वास गेला तर तुमच्याकडून काही पाप घडलं असं मी तरी म्हणणार नाही, आणि तुमची भक्तीच कच्ची होती असं कुणी सांगायला आलं तर त्याचं ऐकू नका. तुम्ही मनापासून कौल लावला होता म्हणूनच एवढं लागलं. विश्वास परत येईल की नाही माहीत नाही, त्याची घाई करू नका, आणि आलाच नाही तर स्वतःला मारून-मुटकून आणूही नका.

मी स्वतः देव मानते, हे आत्ताच सांगून ठेवते. रोज संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावते, जत्रेला जाते, घरात काही अडलं की गाऱ्हाणं घालते. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते देवावर राग काढायला लिहितेय असं कुणी समजू नये.

आता ती नोट. मी ती खोली डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला, कारण अशी मोजणी मी बघितलीय. टेबलावर चादर अंथरलेली, नाण्यांच्या थप्प्या, कुंकवाने लाल झालेल्या दहा-वीसच्या नोटा, काही एवढ्या बारीक घड्या घातलेल्या की उलगडायला नख लागतं, आणि सगळ्या पैशांना कापराचा आणि तेलाचा वास. तुम्ही एकटे, हातात ५०० ची नोट. ती टाकली असेल कुणी? मुलाची बोटीवरची नोकरी टिकावी म्हणून एखाद्या आईने, किंवा नवऱ्याची दारू सुटावी म्हणून एखादीने, मासळी विकून साठवलेल्या पैशातून. तुम्हाला त्या दोन मिनिटांत हे असं शब्दांत सुचलं नसेलही, पण हे पैसे माझे नाहीत, कुणीतरी विश्वासाने टाकलेत, एवढं हाताला कळलं आणि हाताने नोट जागेवर ठेवली. तुम्ही विचारता की भीती नव्हती तर ठेवली का. मला तर वाटतं भीती नव्हती म्हणूनच तुम्हाला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की तुम्ही कशामुळे सरळ आहात. आधीच्या तीस वर्षांत तुम्ही अशा कितीतरी नोटा उचलून ठेवल्या असतील, पण तेव्हा श्रेय देवीच्या भीतीला जात होतं.

आणि देवाच्या भीतीचं म्हणाल तर तुमच्या देवस्थानने तरी त्या भीतीवर कितीसा भरवसा ठेवलाय? फंडपेटीला कुलूप आहे. ती चार जणांसमोर उघडते, मोजल्यावर रजिस्टरवर सह्या होतात. आपल्याकडची महाजनांची देवस्थानं अजून १९३३ च्या पोर्तुगीज काळातल्या कायद्याने चालतात, मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक, बजेट त्याच्याकडे जातं, हिशोब दाखवावे लागतात, समिती निवडून आणावी लागते. तो कायदा ज्यांच्यासाठी झाला ते महाजन तर देव मानणारेच होते, तरी हिशोब दाखवायची सोय ठेवावीच लागली ना? मग ज्येष्ठ महाजनांना एवढंच विचारायचं होतं की भाऊ, देवाची भीती पुरत असती तर आपण कुलूप कशाला लावलं. हे भांडायला म्हणून नाही सांगत, खरंच विचार करण्यासारखं आहे.

भीतीचं मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या वाड्यावर एक जुना वड होता, तिथे देवचाराची जागा. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, पायात वहाणा घालून तो रात्री गावाची राखण करत फिरतो असं आजी सांगायची, त्याला रोट आणि विडी ठेवायचे. त्या वडाशेजारच्या काजूंना आम्ही पोरांनी कधी हात लावला नाही. पडलेली बी सुद्धा उचलायचो नाही. पण पन्नास पावलांवर दुसरं भाट, म्हणजे बागायत, होतं, तिथले काजू आम्ही फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचो, आणि त्या भाटाची राखण करणारी विधवा बाई भाटकाराची, म्हणजे मालकाची, बोलणी खायची. म्हणजे देवचाराने आम्हाला चोरी वाईट असं शिकवलं नव्हतं, चोरी कुठे करायची नाही तेवढं शिकवलं होतं. ती बाई एकदा रडताना दिसली, तेव्हा थांबलो.

आता अजून एक सांगते, हे मी याआधी कुठे लिहिलेलं नाही. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. सासरी मोठं घर, चवथीचे दिवस, आणि सासूबाईंची एक सोन्याची बांगडी सापडेना. कामाला येणाऱ्या बाईवर आळ आला. ती शपथा घेत होती, देवीसमोर उभी राहून सांगते म्हणत होती, आणि घरातले सगळे, रोज सोवळ्यात पूजा करणारे, तिला बोल बोल बोलले. मला आतून वाटत होतं की ही चोरी करणारी नाही, मी तिला रोज बघत होते, पण नवी सून, मी तोंड उघडलं नाही. त्या रात्री मी देवासमोर बसून खूप वेळ जप केला, आणि जप केल्यावर बरं वाटलं, हे आठवलं की आज जास्त लाज वाटते. महिन्याने बांगडी तांदळाच्या डब्यात मिळाली. मिळाल्यावरही सगळे गप्प, आता कशाला विषय काढायचा असं. माझे थोरले दीर, जे देवळाची पायरी चढत नसत, आरतीला पाटावरून उठत नसत आणि ज्यांना घरात सगळे पाखंडी म्हणायचे, ते भर पावसात त्या बाईच्या घरी गेले. गुडघाभर चिखल होता वाटेत. तिच्या नवऱ्यासमोर आणि शेजाऱ्यांसमोर त्यांनी सांगितलं की चूक आमची झाली, बांगडी घरातच होती. परत आले तेव्हा धोतर मांडीपर्यंत चिखलाने भरलेलं. ते मोरीवर पाय धूत असताना मी त्यांना पाणी ओतत होते आणि मला त्यांच्याकडे वर बघवत नव्हतं.

त्यावरून नास्तिक सगळे चांगले आणि भाविक सगळे ढोंगी असं मी म्हणत नाही. माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांच्या हातून कितीतरी जणांना अन्न मिळालं. म्हणणं एवढंच की कोण किती मानतो यावरून त्या दिवशी तो काय करेल हे सांगता येत नाही. अमेरिकेत प्रिन्स्टनला पाद्री व्हायला शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, १९७३ साली छापून आला. त्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, काहींना तर बायबलमधल्या त्या गोष्टीवरच बोलायचं होतं, ज्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला परका माणूस मदत करतो. वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत पडलेला, मुद्दाम बसवलेला. ज्यांना वेळ भरपूर आहे असं सांगितलं होतं त्यातले ६३ टक्के थांबले, आणि ज्यांना उशीर झालाय, पळा असं सांगितलं होतं त्यातले फक्त १० टक्के. कोण धर्माकडे कसा बघतो यावरून कोण थांबेल ते कळलं नाही, घाई किती होती त्यावरून कळलं. वाचलं तेव्हा मला ती बांगडी आठवली, कारण माझ्याही मनात घाईच होती, नव्या घरात चांगली सून ठरायची घाई.

तुम्ही म्हणाल, ताई, माझा सरळपणा धर्मानेच घातलेला, विश्वास गेला तरी वळण राहिलं. बरोबर आहे, त्यात तथ्य आहे. आईच्या मांडीवर ऐकलेली हरिश्चंद्राची गोष्ट, एकादशी, चवथीला शेजारच्या ख्रिश्चनांकडे पाठवायच्या नेवऱ्या आणि नाताळाला त्यांच्याकडून येणारा दोदोल, या सगळ्यातून आपण माणसाशी माणसासारखं वागायला शिकलो, आणि हे ऋण मी तरी फेडू शकत नाही. पण शिकवणारा आणि शिकलेली गोष्ट वेगळी. मास्तर गेले म्हणून पाढे खोटे होत नाहीत. आणि थोडं मूळ तर त्याच्याही आधीचं आहे, दोन भावंडांना एक नेवरी मोडून द्या आणि एकाला मोठा तुकडा जाऊ दे, देव शब्द बोलता न येणारं पोरसुद्धा कसं तोंड करतं बघा. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या शास्त्रज्ञांनी २००३ साली माकडांवर केलेलं काम आहे, एकाच कामाला शेजारच्या माकडाला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाली की काही माकडं काकडी घ्यायलाच नकार देतात. आता त्याला नीती म्हणा की नुसता हेवा, पण अन्याय झालाय हे कळायला पोथी लागत नाही.

खरं तर आपल्या भाषेनेच यात घोळ करून ठेवलाय, आणि ती भाषा मला आवडते. आपण धर्म म्हणतो त्यात हिंदू-ख्रिश्चन-मुसलमान हा धर्म पण येतो आणि शेजारधर्म पण येतो. शेजारणीच्या पोराला ताप आला तर रात्री गाडी काढणं हा शेजारधर्म, त्यात तिची जात, देव, चर्च काही विचारायचं नसतं. महाजनांनी धर्म नाही म्हणजे धर्म नाही असं एका अर्थावरून दुसऱ्यावर उडी मारली. तुमचा पुतण्या पहिल्या अर्थाने धर्म मानत नसेल, दुसऱ्या अर्थाने तो कसा आहे हे त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचं. आणि तुकोबांनी पाप-पुण्य सांगितलं ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पाठ आहे:

पुण्य परउपकार पाप ते परपीडा । आणिक नाही जोडा दुजा यासी ॥

एवढा मोठा भक्त, त्याच अभंगात पुढे नामस्मरण येतंच, पण पाप म्हणजे काय हे सांगताना देवाची आज्ञा मोडणे असं ते म्हणाले नाहीत, दुसऱ्याला पीडा म्हणाले. हे मी पुन्हा पुन्हा वाचते.

कौलाचंही जरा बोलायला हवं, तुमच्या मनात ते रुतलेलं आहे म्हणून. समजा एखाद्या भाटकाराने कौल लावला की मुंडकाराला, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या गरिबाला, घरातून काढू का, आणि उजवी पाकळी पडली. मग काढणं योग्य झालं का? तुम्ही लगेच म्हणाल नाही, देवी असं सांगणारच नाही, काहीतरी चुकलं असेल. आता बघा, देवी असं सांगणार नाही हे तुम्हाला कुठून कळलं? म्हणजे गरिबाचं छप्पर काढणं वाईट, हे पाकळीच्या आधीच तुमच्याकडे होतं, आणि त्याच मापाने तुम्ही कौलसुद्धा मोजला. साधारण २४०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडून हाच प्रश्न विचारलाय, चांगलं ते देवाला आवडतं म्हणून चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? मी देव मानणारी बाई, मला दुसरं पटतं. माझा देव चांगल्याच्या बाजूने उभा आहे म्हणून मी त्याला हात जोडते. आणि तसं असेल तर हात न जोडणाऱ्यालाही ते चांगलं दिसू शकतं, त्याच्यासाठी काही वेगळा उजेड लागत नाही. मुंडकारांचं छप्पर वाचायला मात्र आपल्याकडे १९७५ चा कायदा यावा लागला, आणि भाटकार काय, हिंदू असोत ख्रिश्चन असोत, देवाला मानणारेच होते.

आपल्याच तालुक्यातल्या देवळांचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सासष्टीतून, तिसवाडीतून लोकांनी देव रातोरात उचलून आणले, पलीकडे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं, १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडून, आणि ते चालवणाऱ्यांना वाटत होतं की आपण देवाचंच काम करतोय. त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण वाचवून आणलेल्या त्याच देवांच्या देवळांत शेंस नावाचा विधी लावून मुली देवाला वाहिल्या जायच्या, आणि ते करणारे महाजन, यजमान उपास-तापास करणारे होते, कुणाला रात्री झोप लागत नव्हती असं नाही. राजाराम पैंगिणकरांसारखी माणसं त्या मुलींच्याच समाजातून उभी राहिली आणि आमच्या मुलींचं हे चालणार नाही म्हणाली, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. देवाची भीती तेव्हाही गावात भरपूर होती. कमी होतं ते त्या मुलीकडे बघणं, लहानशी पोर, नवं लुगडं नेसवून उभी केलेली, जिला काय चाललंय ते कळतही नव्हतं.

आणि गोव्याचंच अजून एक नाव घेते, कारण तुमच्या पुतण्याला ते सांगता येईल. साखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. शाळा फारशी नाही, शेत-माडांची कामं करता करता एका मराठी मासिकात बुद्धाबद्दल वाचलं आणि तेच डोक्यात घेऊन १८९९ साली घर सोडलं, पुणं, काशी, नेपाळ करत सिलोनला जाऊन भिक्षू झाले, पुढे पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डपर्यंत गेले. (घरी बायको आणि तान्ही मुलगी ठेवून गेले, हे मला आजही खटकतं, मोठ्या माणसांबद्दल लिहिताना ते गाळू नये.) बुद्धाच्या शिकवणीत जग चालवणारा, शिक्षा करणारा देव नाही. कर्माचं फळ आहे, पण वर बसून हिशोब ठेवणारा कुणी नाही. आणि तरी पंचशील आहे. त्याची भाषा बघा, अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि, म्हणजे न दिलेलं घेण्यापासून दूर राहायची शिकवण मी घेतो. कुणी वरून चोरी करू नकोस असं दरडावत नाही, माणूस स्वतः म्हणतो, मी घेतो. न दिलेलं घेणार नाही. खजिनदारबाब, त्या मोजणीच्या खोलीत तुम्ही पाली न येता तेच केलं.

आता त्या ज्येष्ठ महाजनांबद्दल. त्यांच्यावर चिडू नका. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने ३४ देशांत लोकांना विचारलं होतं की नीतीने वागायला देवावर विश्वास लागतोच का, २०२० साली आकडे आले, भारतात ७९ टक्के लोक हो म्हणाले. स्वीडनमध्ये फक्त ९ टक्के. आता स्वीडनमध्ये काय लोक एकमेकांना लुबाडत बसलेत असं नाही, भ्रष्टाचार कमी असलेल्या देशांत ते नेहमी वरच्या नंबरात असतात, अर्थात त्याला पैसा, शिक्षण, कायदा अशी बरीच कारणं आहेत, नुसत्या नास्तिकपणाने ते झालं असं म्हणणंही चुकीचंच. सांगायचं काय तर आपल्याकडे दहातले आठ जण महाजनांसारखाच विचार करतात, ते दुष्ट म्हणून नाही. त्यांनी आयुष्यात बघितलंय की देवळात येणारी माणसं एकमेकांच्या अडीअडचणीला येतात, मयताला खांदा देतात, लग्नाला मांडव घालतात. तुमचा भाऊ गेला तेव्हा कोविडची भीती असताना दारात कोण आलं आठवा. त्यातले बहुतेक देवळातलेच असतील. पुतण्यानेही हे लक्षात ठेवायला हवं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या श्रद्धेला तो टोचून बोलत असेल तर ते तुम्ही त्याला सांगा, काका म्हणून तेवढा हक्क आहे तुमचा.

राजीनामा? नको. खजिनदाराचं काम पैसे नीट मोजणं, लिहिणं आणि दाखवणं, आणि ते तुम्ही करताय. गाऱ्हाण्याच्या वेळी हात जोडून उभं राहणं ढोंग होईल का असं तुमच्या मनात येत असेल, तर ते मला ढोंग वाटत नाही, ख्रिश्चन शेजारी आपल्याकडच्या मयताला आले की तेही डोकं खाली घालून उभे राहतात ना. फक्त तुम्हाला कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलू नका. समितीच्या वतीने स्वतः कौल लावायची वेळ आली तर दुसऱ्याला पुढे करा, तिथे मानणाराच हवा, आणि त्या पाकळीसमोर पुन्हा उभं राहणं तुम्हालाही झेपणार नाही.

पण झोप उडालीय ती नोटेमुळे असं मला वाटत नाही. नोट तर तुम्ही ठेवलीत. तुम्ही मीटिंगमध्ये गप्प बसलात ते खातंय तुम्हाला. बाप नसलेल्या पोराला चार लोकांत चोर ठरवलं, पुरावा काहीच नाही, आणि त्याचं नाव सुचवणारा सख्खा काका खाली मान घालून बसला. तुम्ही लिहिलंत की आता कुणाची भीती उरली नाही, तरी रात्री डोळा लागत नाही. मग रात्री विचारतंय कोण तुम्हाला? देवाला ज्या माणसाने सोडलं त्याला हे सोडत नाहीये. यापेक्षा वेगळं उत्तर मी तुम्हाला काय देऊ.

तेव्हा आधी बायकोशी बोला, एका खोलीत झोपता आणि पाच वर्षांपासून हे एकट्याने वाहताय, तिला अर्धं तरी कळलेलंच असणार. मग पुढच्या मीटिंगला विषय परत काढा, आणि पहिलं वाक्य हे म्हणा की मागच्या वेळी मी बोलायला हवं होतं, बोललो नाही, ते चुकलं. मग व्यवस्था सांगा, मुलगा पैशाला हात लावणार नाही, पावत्या आणि व्हाउचर खजिनदार देणार, तो फक्त कम्प्युटरवर चढवणार, महिन्याला प्रिंट काढून सचिव ताडून बघणार. अशा व्यवस्थेला कुणी नाही म्हणाला तर त्याला कारण द्यावं लागेल, आणि कारण नुसतं तो आरती म्हणत नाही एवढंच निघालं तर तेही तिथेच सगळ्यांना ऐकू दे. तुमचा स्वतःचा विश्वास गेल्याचं त्या मीटिंगमध्ये सांगायची गरज नाही, तयारी झाली तर कधीतरी सांगा. नाहीतर विषय पोराचा राहणार नाही, तुमचाच होईल. हरलात मतांनी तर हरलात, पण बोललात हे पोराच्या कानावर जाईलच, आपल्या गावात काही लपत नाही.

पुतण्याला मात्र लवकर भेटा. फोनवर नको. त्याला ती पाकळीची गोष्ट सांगा, उजवी पडली होती हे त्याला कदाचित माहीतही नसेल, आणि तुम्हीही तेव्हापासून त्याच जागी उभे आहात हेही सांगा. तो एवढी वर्षं घरात एकटा पडलाय असं समजतोय.

आणि चवथीला त्याला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानातल्या फळाफुलांची चौकट, बांधायला बोलवा. पूजेला बस म्हणू नका, आरतीला ये म्हणू नका. कवंडाळ, कांगलां, आंबाडे गोळा करायला रानात जावं लागतं, नारळाची पेंड वर बांधायला तरुण हात लागतो, आणि पत्रात तुम्ही लिहिलं नसलं तरी मला वाटतं हे काम आधी त्याचा बाप करत असणार.